चमचे, उंदीर आणि कणकण

बारा चमचे मी ओट्यावर ओळीने मांडले, तेव्हा आईने आधी विचारलं, "पाहुणे येणारेत का?"

पाहुणे येणार नव्हते. त्या आठवड्यात मी क्रिस्टीन मिझरँडिनोचा 'स्पून थिअरी' हा लेख तिसऱ्यांदा वाचला होता आणि तो आईवर करून बघायचा होता. मला चोविसाव्या वर्षी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस झाला. संधिवात म्हटलं की लोक "या वयात?" असं विचारतात आणि मग गुडघ्यांकडे बघतात. सांध्यांचं दुखणं त्यांना समजतं. थकव्याचं सांगायला गेले की चेहरे बदलतात, कारण थकतात सगळेच. लोकलने दोन तास प्रवास करणारा थकतो, बारा तासांची शिफ्ट करणारा थकतो. मग माझ्या थकव्यात वेगळं ते काय? ते सांगायला शब्द नव्हते, म्हणून चमचे.

आईने सगळं ऐकून घेतलं. उठणं एक चमचा, अंघोळ एक चमचा, ऑफिसला पोचणं दोन. संपले की संपले. मग तिने विचारलं, "परवा हळदीला अडीच तास नाचलीस, ते चमचे कुठून आले?"

"उद्याचे उसने घेतले."

"कोणाकडून?"

मला उत्तर देता आलं नाही. आई टोमणा मारत नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. हाच प्रश्न ऑफिसमध्ये इन्स्टाग्रामवरचे फोटो बघून विचारला जातो तेव्हा त्याचा अर्थ वेगळा असतो. पण प्रश्न तोच, आणि स्वयंप्रतिकार आजार असलेल्या प्रत्येकाला तो कधी ना कधी विचारला जातो : काल जमलं, मग आज का नाही? गेली दोन वर्षं मी आजारपणावरचं जे जे वाचलं, ते हा प्रश्न खिशात ठेवून वाचलं. कुठलं लेखन त्याला उत्तर देतं, कुठलं टाळतं आणि कुठलं त्याच्या आसपासही पोचत नाही, त्याचा हा हिशोब आहे.

चमच्यांचं गणित

मिझरँडिनोचा लेख २००३चा. तिला ल्युपस आहे. कॉलेजमधली मैत्रीण रात्री एका साध्या खानावळीत तिला विचारते, की हा आजार असणं नेमकं कसं असतं. ती आजूबाजूच्या टेबलांवरचे चमचे गोळा करते, बारा चमचे मैत्रिणीच्या हातात देते आणि म्हणते, आता तुझा दिवस सांग. मैत्रीण कामावर जायच्या तयारीपासून सुरुवात करते. ती तिला थांबवते. त्याआधी उठावं लागतं, उठण्याआधी रात्री झोप लागलेली असावी लागते. एकेक चमचा परत घेतला जातो. मैत्रीण जास्त चमचे मागते, ते मिळत नाहीत. दिवस संपत येतो आणि तिच्या डोळ्यांत पाणी येतं.

लेखन म्हणून हे पक्कं आहे. एक टेबल, दोन मैत्रिणी, हातात घेता येईल अशी वस्तू. रोगाचं नावसुद्धा समजून घ्यायची गरज पडत नाही. म्हणूनच जगभरातले आजारी लोक आज स्वतःला 'स्पूनी' म्हणवून घेतात. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांना या लेखाने एक भाषा दिली, हे मी विसरणार नाही. मीही ती वापरली आहे.

तरी आईच्या प्रश्नापुढे ती भाषा अडखळते. चमचे हा साठा आहे. साठ्याचा नियम असा, की नसेल तर नाही. डबा रिकामा असेल तर हळद असो वा बारसं, त्यातून काही निघणार नाही. मोबाइलच्या बॅटरीची उपमाही अशीच. दोन टक्के उरलेला फोन मैत्रिणीचं लग्न आहे म्हणून अचानक सत्तर टक्क्यांवर जात नाही. आमचं शरीर मात्र जातं आणि मग तीन दिवस ते फेडत बसतं. मिझरँडिनोला हे ठाऊक आहे, म्हणून तिने उद्याचे चमचे उसने घ्यायची सोय ठेवली आहे. पण तिथेच उपमेचा सांधा निखळतो. कुठून उसने, कोणी दिले आणि आज का दिले, काल का नाही? साठ्याच्या गोष्टीत या प्रश्नांना जागा नसते. त्यामुळे समोरचा माणूस सोपा निष्कर्ष काढतो : चमचे होतेच, तू लपवून ठेवलेस.

उंदीर काय सांगतात

उत्तराचा पहिला धागा मला साहित्यात सापडला नाही, एका जुन्या प्रयोगात सापडला. १९६४ साली नील मिलर या मानसशास्त्रज्ञाने तहानलेल्या उंदरांना जिवाणूंपासून मिळणारं एक विष टोचलं. त्याने उंदीर आजारी पडल्यासारखे वागतात. हे उंदीर एक दांडी दाबून पाणी मिळवायला शिकलेले होते. विष टोचल्यावर त्यांचं दांडी दाबणं कमी झालं. इथवर गोष्ट सरळ आहे : ताकद गेली. पण मिलरने आजारी उंदरांना फिरत्या पिंपातही ठेवलं. तिथली दांडी दाबली की पिंप थांबायचं आणि विसावा मिळायचा. या उंदरांनी ती दांडी नेहमीपेक्षा जास्त वेळा दाबली.

म्हणजे दांडी दाबण्याइतकी ताकद होती. बदलला होता तो अग्रक्रम. पाणी मागे पडलं होतं, विश्रांती पुढे आली होती.

१९८८ साली बेंजामिन हार्ट या अमेरिकी पशुवैद्याने यावर महत्त्वाचा निबंध लिहिला. आजारी जनावर कोपऱ्यात पडून राहतं, खात नाही, अंग चाटत नाही, कळपापासून लांब राहतं. हार्टचं म्हणणं असं, की ते मोडून पडलेलं नसतं. ताप आणि संसर्गाशी झुंजताना शक्ती वाचवायची ही शरीराची आखीव वागणूक आहे. या वागणुकीचा हुकूम प्रतिकारशक्तीकडून निघतो. तिच्या पेशी सायटोकाइन नावाचे निरोपे सोडतात. इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ ही त्यांतली ठळक नावं. पोटापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूवाटे आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावाटे निरोप वर पोचतो. मग मेंदू ठरवतो : पड. खाऊ नकोस. कोणाशी बोलू नकोस. कशातही रस घेऊ नकोस.

यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यांत ओळखीचं वाटलं. माझ्या वाईट दिवशी पुस्तक हातात घेता येत नाही असं नसतं. पुस्तक हवंसंच वाटत नाही.

स्वयंप्रतिकार आजारात बाहेरचा शत्रू नसतानाही निरोप जात राहतात. माझ्या सांध्यांत टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ यांचा सुळसुळाट असतो. आमच्या आजारातली अनेक महागडी औषधं नेमकी त्यांनाच अडवतात. निरोपाने थकवा येतो याचा माणसांमधला पुरावाही आहे. हेपटायटिस सी झालेल्यांना एके काळी इंटरफेरॉन देत. तोही एक सायटोकाइनच. ते सुरू झाल्यावर अनेक रुग्ण गळून जात, काहींना नैराश्य येई.

हे एवढ्यावर संपत नाही. औषधाने सांध्यांची सूज उतरते, सीआरपी-ईएसआर नॉर्मल येतात, तरी थकवा पुष्कळदा उरतो. त्यात दुखणं, मोडलेली झोप, रक्तक्षय, उदासी हे सगळं मिसळलेलं असतं. माझा रिपोर्ट बघून एक डॉक्टर "छान आहे सगळं!" म्हणाले तेव्हा मी खुर्चीतून उठायला हाताचा आधार घेत होते. या आजाराची तीव्रता मोजायचं जे 'डास-२८' नावाचं परिमाण आहे, त्यात दुखरे सांधे मोजतात, सुजलेले सांधे मोजतात, थकव्याचा वेगळा रकाना नाही. २००२ मध्ये ओमेरॅक्ट या संधिवात-संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पहिल्यांदा रुग्णांना चर्चेला बसवलं, तेव्हा रुग्णांनीच सांगितलं की तुम्ही थकवा मोजतच नाही. पुढे काही वर्षांतच औषधांच्या चाचण्यांत तो मोजावा अशी शिफारस झाली. विज्ञानालाही हे कोणीतरी बोलून दाखवावं लागलं.

आपल्याकडे शब्द आहे

व्हर्जिनिया वुल्फने १९२६मध्ये आजारपणावर निबंध लिहिला. तिची तक्रार अशी, की हॅम्लेटचे विचार पेलणाऱ्या इंग्रजीला साध्या हुडहुडीसाठी आणि डोकेदुखीसाठी शब्द सापडत नाहीत. हा निबंध आजारपणाच्या साहित्याचा उंबरठा मानला जातो, आणि तो सुंदर आहेच. पण वाचताना मला मराठीचा अभिमान वाटला, हे कबूल करते. शीण, शिणवटा, मरगळ, ग्लानी, गळाठा. अंग आंबतं, मोडून येतं, हातपाय गळतात. आणि या सगळ्यांत माझा आवडता शब्द : कणकण.

कणकण म्हणजे ताप नव्हे. थर्मामीटर लावला तर पारा कदाचित हलणारही नाही. पण आतून काहीतरी चाललंय, नको वाटतंय, पांघरूण हवंय. हार्टने निबंधभर जे मांडलं ते या चार अक्षरांपलीकडे फार नाही. शिवाय या शब्दाला घरात पत होती. लहानपणी "कणकण वाटतेय" म्हटलं की पुरावा मागितला जायचा नाही. शाळेला सुट्टी, आल्याचा चहा, मऊ भात. 'शीण' कमवावा लागतो. शेतात राबून, दळण दळून, उन्हातून चालत येऊन. जात्यावरच्या ओव्यांतही बाईच्या कष्टांना आवाज आहे. न कमावलेल्या शिणाला मात्र आपल्याकडे एकच नाव ठेवलेलं आहे, आळस. कणकण या दोहोंच्या मधली. तिच्यासाठी राबावं लागत नाही, तरी ती आळस ठरत नाही.

फक्त तिला मुदत असते. दोन दिवस, फार तर तीन. चौथ्या दिवशीही कणकणच असेल तर घर संशयाने बघायला लागतं. वुल्फही इथे मला पुरेशी पडत नाही. तिचा आजारी माणूस पडून राहतो, उभ्या लोकांच्या धावपळीतून सुटतो, आकाशाकडे निवांत बघतो. तिच्या निबंधात आजारपण ही एक सुटलेली जागा आहे. वर्षानुवर्षं आजारी असलेल्याला सुटता येत नाही. त्याला कणकणीसकट मेल लिहायचे असतात.

सुसान सोंटॅगने १९७८मध्ये आजाराभोवतीच्या रूपकांची झाडाझडती घेतली, त्यात लढाईची भाषाही होती. आमच्या आजाराची ओळख आजही त्याच भाषेत होते : शरीर स्वतःवरच हल्ला करतं. सांध्यांपुरतं ते खरं आहे. पण या वाक्यात थकवा फक्त युद्धानंतरची पडझड म्हणून येतो, आणि निरोपांची सगळी ये-जा दिसेनाशी होते.

दुधातून आलेला ताप

मग मी फ्लॅनरी ओकॉनरकडे आले, आणि तिथे पहिल्यांदा वाटलं की हिला माहीत आहे.

ओकॉनर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातली. ती पंधरा वर्षांची असताना वडील ल्युपसने गेले. पंचविशीत तिलाही तोच आजार निघाला. त्यानंतर ती आईसोबत मिलेजव्हिल गावाबाहेरच्या शेतावर राहिली, सकाळचे दोन-तीन तास लिहायची, मोर पाळायची. १९६४मध्ये ३९व्या वर्षी ती गेली. पुढे प्रसिद्ध झालेल्या तिच्या पत्रांत आजार येतो तो बहुधा विनोदाच्या अंगाने. वाचक तिला त्यावरून संत करून टाकतात. मला त्यापेक्षा तिची १९५८ची एक कथा जवळची वाटते, 'द एन्ड्युअरिंग चिल'. मराठीत शीर्षक करायचं झालं तर मी 'न सरणारी कणकण' करेन.

ॲसबरी हा पंचविशीतला तरुण लेखक व्हायला न्यूयॉर्कला गेलेला असतो. तो आजारी होऊन आईच्या डेअरी फार्मवर परततो. ताप, थंडी, गळून गेलेलं अंग. आपण मरणार याची त्याला खात्री आहे, आणि त्या खात्रीत त्याला एक गंभीर सुख आहे. आपलं मरण म्हणजे कलेत अपयशी ठरलेल्या आयुष्याला मिळालेला अर्थ, असं तो समजतो. आईला मरणोत्तर वाचण्यासाठी एक लांबलचक पत्रही लिहून ठेवतो. गावचा डॉक्टर त्याच्या लेखी मूर्ख. पण तोच डॉक्टर रक्त तपासून निदान करतो : तापाची लाट पुन्हा पुन्हा आणणारा जिवाणूचा संसर्ग, गुरांच्या दुधातून आलेला. मागे एकदा काळ्या कामगारांशी जवळीक साधायचा देखावा म्हणून ॲसबरीने डेअरीतलं कच्चं दूध प्यायलं होतं. कामगार ते पीत नव्हते, हा शहाणा प्यायला. या आजाराने तो मरणार नाही. तो आजार येत राहील, जात राहील, आणि याला आईच्या घरी जगावं लागेल.

ॲसबरीचा आजार स्वयंप्रतिकाराचा नाही. पण असा पुन्हा पुन्हा परतणारा आजार लेखिकेच्या स्वतःच्या ओळखीचा होता, आणि थकव्याबद्दल ही कथा एक कडवट गोष्ट सांगते. आपल्याला त्याचा अर्थ हवा असतो. माझं काही चुकलं का, मन मारलं का, जास्त संवेदनशील आहे का? आणि उत्तर येतं, दूध. रक्तात निरोप फिरतोय, बस. शेवटी छतावरचा ओलीचा डाग पक्ष्यासारखा त्याच्यावर उतरत येतो आणि ओकॉनर त्याला धर्माचा अर्थ देते; तिच्या श्रद्धेला तो हवा होता. मला ती त्याआधी, डॉक्टर खोलीत असतानाच, पुरेशी मोठी लेखिका वाटते. थकव्याकडून मोठेपणाची अपेक्षा करणाऱ्या माणसाची एवढी निर्दय आणि एवढी प्रेमळ टिंगल मी दुसरीकडे वाचली नाही.

शोधाची गोष्ट

मेघन ओरूर्कचं 'द इन्व्हिजिबल किंगडम' (२०२२) हे या विषयावरचं अलीकडचं सगळ्यांत चर्चेतलं पुस्तक. ती कवयित्री आहे, तिला थायरॉइडचा स्वयंप्रतिकार आजार आहे, आणि निदानासाठी वर्षानुवर्षं दारोदार फिरणं तिने भोगलं आहे. 'रिपोर्ट नॉर्मल आहेत' या वाक्याने माणसाचं काय होतं, हे तिच्याइतकं नेमकं क्वचितच कोणी लिहिलं असेल. आजाराने आपण शहाणे झालो असा गोड शेवट करायलाही ती राजी नाही.

माझी तक्रार घाटाबद्दल आहे. पुस्तकाला शोधकथेचा घाट आहे. सुरुवातीला गूढ, मग डॉक्टर, चाचण्या, खोटे सुगावे, पुन्हा डॉक्टर. पान उलटत राहतं ते पुढे काय निघालं या उत्सुकतेने. पण थकवा हा काही गुन्हेगार नाही, सापडला की गोष्ट संपली असं म्हणायला. निदान झाल्यावरचा मंगळवार कोण लिहिणार? त्या मंगळवारी नाव माहीत असतं, गोळी चालू असते आणि तरीही केस धुवायचे की भाजी चिरायची यातलं एकच जमणार असतं.

सहा अंश

आता आईच्या प्रश्नाकडे. उत्तर पुन्हा उंदरांकडेच मिळालं. १९९७मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी नुकत्याच व्यालेल्या उंदरिणींना तसंच विष टोचलं, पिल्लं इतस्ततः ठेवली आणि घरटं मोडलं. खोलीचं तापमान २२ अंश असताना आजारी आयांनी पिल्लं गोळा केली, घरटं मात्र बांधलं नाही. तापमान ६ अंशांवर आणलं, तेव्हा त्यांनी घरटंही बांधलं.

विष तेच, आजारपण तेच. पण थंडीत पिल्लं मेली असती.

साठ्याच्या गोष्टीत हे बसत नाही, हुकमाच्या गोष्टीत बसतं. मेंदूला निरोप मिळालेला असतो, पड. त्याच वेळी दुसरीकडून हाक येते, ऊठ. दोघांची ओढाताण होते आणि कधी हाक जिंकते. मामेबहिणीच्या हळदीला ती जिंकली. त्याने निरोप खोटा ठरत नाही. आणि म्हणूनच मला वाटतं, की थकव्यावरच्या लेखनाने चमच्यांची मोजदाद ओलांडायला हवी. रिकाम्या डब्याची गोष्ट एका ओळीत संपते. दोन हुकमांमध्ये उभ्या असलेल्या माणसाची गोष्ट लिहायला कादंबरी लागेल. मराठीत ती कादंबरी मी शोधते आहे.

मला याचा धोकाही दिसतो. "म्हणजे मनात आणलं की जमतं तर!" असं कोणीतरी म्हणणारच. त्याला विचारायचं, की तापमान कोण ठरवतं? प्रयोगात संशोधक ठरवत होते. घरात डबा, सण, पाहुणे, वार्षिक परीक्षा ठरवतात. स्वयंप्रतिकार आजार बायकांना पुरुषांपेक्षा बरेच जास्त होतात, आणि आपल्याकडे बायकांच्या घरांत बारा महिने सहा अंशच असतात. घरटी बांधली जातात. बांधली गेली म्हणून बाई आजारी नव्हतीच, असं ठरतं.

परवा मी हा उंदरिणींचा भाग आईला वाचून दाखवला. ती रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते, वीस वर्षं झाली. तिच्या थकव्याबद्दल आमच्या घरात कधी चर्चा झालेली नाही. चमच्यांची तर नाहीच. ती चहात साखर ढवळत ऐकत होती. वाचून झाल्यावर थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "पण तिथे दुसरं कोणी नव्हतं का घरटं बांधायला?"

मी परत प्रयोगाचा मजकूर उघडून बघितला. नव्हतं.